परदेशातल्या लोकांबरोबरची मीटिंग दरवर्षी दोनदा एक तास सरकते, त्यावर इलाज

मार्च आला की आणि ऑक्टोबर संपत आला की हा प्रश्न हमखास परत येतो. रोजचा कॉल इतके महिने बरोब्बर रात्री साडेआठला चालू होता आणि आज कॅलेंडर अचानक साडेनऊ दाखवतंय, नाहीतर आपण वेळेवर जाऊन बसलोय आणि पलीकडे कोणीच नाही. मग कोणी लॅपटॉप रिस्टार्ट करतं, कोणी ॲप काढून परत टाकतं, आणि एखादा शहाणा फोनचं घड्याळच हाताने एक तास पुढे ढकलतो (हे अजिबात करू नका, का ते खाली येईलच). ॲप बहुतेक वेळा बरोबरच असतं. ती मीटिंग नक्की कोणाच्या घड्याळावर बांधली आहे हे कोणी कधी ठरवलेलंच नसतं, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

काही देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात परत मागे आणतात, दुखणं ते. आधी ही घड्याळं कुठे आणि कधी हलतात ते बघू. भारतात ती हलतच नाहीत, आपण बाराही महिने यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. (फार पूर्वी हललीत, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ आपल्याकडेही घड्याळ एक तास पुढे होतं, आणि मुंबई तर स्वतःची मुंबई टाइम घेऊन बसली होती, देशाच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे, थेट १९५५ पर्यंत. असो.) अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, २००७ पासून हाच नियम आहे. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे म्हणून तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे, तेही सिडनी, मेलबर्न, ॲडलेडकडे, ब्रिस्बेनला नाही. सिंगापूर, दुबई, जपान यांच्याकडे हा प्रकारच नाही, त्यामुळे तिकडच्या मीटिंगा सरकत असतील तर दुखणं वेगळं आहे.

म्हणजे २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्चला हलते, युरोप २९ मार्चला, सिडनी ५ एप्रिलला. शरदात सिडनी ४ ऑक्टोबरला, युरोप २५ ऑक्टोबरला, अमेरिका १ नोव्हेंबरला. सगळे एकाच दिवशी हलले असते तर एकदा सवय झाली असती, पण हे आपापल्या सोयीने हलतात आणि मधल्या आठवड्यांमध्ये पाठ केलेले सगळे फरक चुकतात. लोक म्हणतात ना, "अहो लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये कायम पाच तास असतात", तर नसतात, ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत चार असतात, आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या आठवड्यातही चारच.

एक उदाहरण घेतो, म्हणजे कळेल. समजा पुण्यात बसून कोणी शनिवारी संध्याकाळी साडेसातला ऑनलाइन मराठीचा वर्ग घेतंय, मुलं न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये आहेत. २४ ऑक्टोबर २०२६ च्या शनिवारी न्यू जर्सीत सकाळचे दहा आणि लंडनमध्ये दुपारचे तीन. पुढच्या शनिवारी, ३१ तारखेला, न्यू जर्सीत दहाच पण लंडनमध्ये दोन. त्याच्या पुढच्या, ७ नोव्हेंबरला, न्यू जर्सीत नऊ आणि लंडनमध्ये दोन. तीन शनिवार, तीन वेगवेगळे हिशोब, आणि पुण्यातल्या बाईंनी काहीच बदललेलं नाही! त्यामुळे पालक जेव्हा ग्रुपवर लिहितात की "ताई तुम्ही वेळ बदलली का", तेव्हा दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

आता निदान. कोणी मीटिंग चुकली म्हणून सांगत आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो, चूक किती तासांची आहे? कारण आकड्यावरूनच निम्मं कळतं.

बरोबर एक तासाची चूक असेल आणि महिना मार्च, एप्रिल, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर असेल तर वर सांगितलेलंच कारण, पुढे शोधायची गरज नाही. एक तासाची चूक भर जुलैत किंवा जानेवारीत असेल तर मात्र कोणीतरी जुना फरक पाठ करून बसलंय, किंवा टाइम झोन, म्हणजे कुठल्या भागाची वेळ धरायची ते, चुकीचं निवडलंय.

अर्ध्या तासाची चूक ही खास आपली. ड्रॉपडाउनमध्ये साडेपाच सापडलं नाही म्हणून कोणीतरी पाच घेतलं, म्हणजे कराची, किंवा सहा घेतलं, म्हणजे ढाका. नाहीतर परदेशातल्या माणसाने "दहा तास धरून चाल" म्हणून गोल आकडा केला. आपल्या झोनचं नाव बहुतेक ठिकाणी कोलकाता असं येतं, मुंबई शोधत बसलात तर काही याद्यांमध्ये सापडणार नाही, कोलकाता निवडा आणि पुढे चला, वेळ तीच आहे.

साडेपाच तासांची चूक म्हणजे यूटीसीची वेळ कोणीतरी भारतातली म्हणून वाचली. वेबिनारच्या ईमेलमध्ये, एखाद्या सिस्टिममधून काढलेल्या रिपोर्टमध्ये, सर्व्हरच्या लॉगमध्ये हे सतत होतं. अकरा तासांची चूक विचित्र वाटते पण तिचं मूळही तेच, साडेपाच मिळवायचे होते तिथे वजा केले किंवा उलट, दोन साडेपाच मिळून अकरा. बारा तास म्हणजे एएम पीएम, आणि यात सगळ्यात वाईट "१२ एएम". रात्रीचे बारा की दुपारचे, यावर चांगले चांगले लोक अडखळतात, त्यामुळे रात्री बारा कधी लिहूच नका, ११:५९ लिहा किंवा सरळ चोवीस तासांचं घड्याळ वापरा.

पूर्ण एक दिवसाची चूक ही तारखेची. सोमवारी सकाळी सातला पुण्यातून कॉल लावलात तर कॅलिफोर्नियात अजून रविवारची संध्याकाळ आहे, आणि त्यांच्या शुक्रवारी दुपारी चारचा "छोटासा कॉल" म्हणजे आपल्या शनिवारची पहाट. "सोमवारी बोलू" एवढंच लिहिणारा माणूस कोणाचा सोमवार ते सांगत नाही. इथे वार आणि तारीख दोन्ही बाजूंची लिहायची, कंटाळा आला तरी.

आता मुख्य दुरुस्ती. दर आठवड्याला किंवा रोज होणारी मीटिंग कॅलेंडरमध्ये एकाच झोनला बांधलेली असते. ज्याने ती बनवली त्याने वेगळं काही निवडलं नसेल तर त्याच्या घड्याळाला. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या मॅनेजरने सकाळी आठची मीटिंग बनवली तर त्यांची आठ कायम आठच राहते आणि आपली उन्हाळ्यात साडेआठ, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेनऊ. तीच पुण्यातल्या कोणी बनवली तर आपली साडेआठ जागची हलत नाही आणि हिवाळ्यात त्यांना सकाळी सातला उठून बसावं लागतं. सॉफ्टवेअर दोन्ही वेळा बरोबर आहे. कोणीतरी हलणारच आहे, प्रश्न कोण हलणार एवढाच, आणि याचं उत्तर टीमने बोलून काढायचं असतं. आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये ते बोललंच जात नाही, त्यांचे आठ हलत नाहीत आणि आपलं जेवण हलतं, घरी पोचायची वेळ हलते, कॅबचं बुकिंग हलतं. माझं मत विचाराल तर ज्या बाजूला लोक जास्त आणि वेळ जास्त अडचणीची, त्या बाजूचं घड्याळ धरावं. किंवा निदान हिवाळ्यापुरती मीटिंग त्यांच्या साडेसातला करून घ्यावी म्हणजे आपल्याकडे नऊ होतात, दोघांनी अर्धा अर्धा तास सोसला. ऑक्टोबरच्या मध्यात विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, नोव्हेंबर उजाडल्यावर विचारलं की "आता सगळ्यांचे स्लॉट भरलेत".

घड्याळ ठरलं की ते इन्व्हाइटमध्ये घाला. गूगल कॅलेंडरमध्ये इव्हेंट एडिट करताना वेळेच्या शेजारीच टाइम झोन असं छोट्या अक्षरात दिसतं, तिथे क्लिक करून शहर निवडायचं. फोनच्या ॲपमध्येही एडिटमध्ये झोनची ओळ आहे. आउटलुकमध्ये टाइम झोन दाखवायचं बटण वेगळं आहे, ते दाबल्याशिवाय झोन दिसतच नाही आणि म्हणून कित्येकांना माहीतच नसतं की तो बदलता येतो. म्हणजे तुम्ही पुण्यात बसूनही न्यूयॉर्कच्या घड्याळावर मीटिंग बांधू शकता, आणि ती मग न्यूयॉर्कबरोबर हलेल. चालू मालिकेचा झोन बदलताना "ही आणि पुढच्या सगळ्या" निवडा, "सगळ्या" निवडलं तर मागच्या नोंदीही बदलतात आणि कोणाला तरी पन्नास ईमेल जातात.

इथे एक सापळा आहे. विंडोजच्या यादीत ईस्टर्न टाइमच्या (न्यूयॉर्ककडची वेळ) शेजारी यूटीसी उणे पाच लिहिलेलं असतं आणि ते भर जूनमध्येही तसंच राहतं, खरा फरक तेव्हा उणे चार असला तरी. ते बरोबर आहे, तो हिवाळ्याचा मूळ आकडा आहे आणि उन्हाळ्याचा तास तो आतून स्वतः मिळवतो. पण काही जण ते बघून घाबरतात आणि यादीतलं उणे चारवालं दुसरंच कुठलं तरी शहर निवडतात, मग उन्हाळाभर सगळं छान चालतं आणि नोव्हेंबरमध्ये आपटतं. आकडा बघून झोन निवडायचा नाही, शहर बघून निवडायचा. याच कारणाने मीटिंग नुसत्या यूटीसीवर बांधणं हाही उपाय नाही. "यूटीसी म्हणजे न्यूट्रल" म्हणून इंजिनियर लोकांना तो आवडतो, पण भारतातून बघितलं तर यूटीसीवर बांधणं आणि आपल्या घड्याळावर बांधणं यात शून्य फरक आहे, आपण दोघंही हलत नाही. हलणार तेच. नोंदी ठेवायला यूटीसी उत्तम, माणसांना बोलवायला नाही.

आता ते फोनचं घड्याळ हाताने बदलण्याबद्दल. कॅलेंडर मीटिंगचा क्षण साठवून ठेवतं आणि फोनच्या झोनप्रमाणे तुम्हाला दाखवतं. तुम्ही झोन तसाच ठेवून नुसते काटे पुढे केले की फोनला वाटतं खरंच एक तास गेला. मग अलार्म, रिमाइंडर सगळं तासभर आधी वाजतं आणि वर काही वेबसाइटी उघडायच्या बंद होऊ शकतात, कारण साइटचं सर्टिफिकेट (ती खरी असल्याचा दाखला) तपासताना वेळ बघितली जाते. सेटिंग्जमध्ये वेळ आणि झोन दोन्ही ऑटोमॅटिकवर ठेवा. ऑटोमॅटिक असूनही एखाद्या देशाची वेळ चुकत असेल तर फोन जुना आहे आणि त्यातली झोनची यादी शिळी झाली आहे. देश नियम बदलत राहतात, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात घड्याळ बदलणं बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये परत सुरू केलं, कझाकस्तानने १ मार्च २०२४ ला अख्खा देश एका झोनमध्ये आणला. अपडेट न मिळालेल्या फोनला यातलं काही माहीत नसतं. अपडेट येतच नसेल तर त्या देशापुरतं ब्राउझरमध्ये शहराचं नाव टाकून वेळ बघायची.

एक्सेलमध्ये शेड्यूल ठेवणाऱ्यांनी हेही बघा. न्यूयॉर्कच्या वेळेच्या खान्यात सरळ साडेनऊ तास मिळवणारा फॉर्म्युला टाकून खाली ओढला की मार्च ते ऑक्टोबर तो बरोबर आणि मग चुकीचा. आणि गूगल शीटला स्वतःचा झोन असतो, फाइल ज्याने बनवली त्याच्या सेटिंगप्रमाणे, म्हणून आत्ताची वेळ दाखवणारा फॉर्म्युला पुण्यात उघडला तरी शिकागोची वेळ दाखवू शकतो. फाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बदलता येतो.

पुढचा मोठा त्रास म्हणजे तीन अक्षरी नावं. अमेरिकेतले लोक वर्षभर ईएसटी (न्यूयॉर्ककडची हिवाळ्यातली वेळ) लिहितात, जुलैतसुद्धा, जेव्हा तिथे ईडीटी (उन्हाळ्यातली वेळ) चालू असतं. कन्व्हर्टर बिचारा प्रामाणिकपणे ईएसटीच धरतो आणि दहाची मीटिंग आपल्याला साडेआठ सांगतो, लिहिणाऱ्याला मात्र साडेसात म्हणायचं असतं. अशा वेळी ज्याने लिहिलंय त्याच्या भिंतीवरचं घड्याळ खरं, अक्षरं नाही. आपलं आयएसटीही आपल्या एकट्याचं नाही, आयर्लंड आणि इस्रायलही तेच लिहितात. सीएसटी शिकागोचं आणि चीनचंही. बीएसटी लंडनच्या उन्हाळ्याचं आणि बांगलादेशचंही. म्हणून शहर लिहा, पुण्याचे सात, लंडनचे अडीच, संपला विषय. शहरही नीट निवडा, कारण अमेरिकेतलं फीनिक्स शहर डेन्व्हरसारखंच माउंटन टाइममध्ये असूनही घड्याळ हलवत नाही, ते आपल्यापासून वर्षभर साडेबारा तासच मागे असतं. तिकडच्या माणसाला डेन्व्हरच्या झोनवर टाकलंत तर उन्हाळाभर तो तासभर उशिरा येईल.

तोंडी हिशोबासाठी काही युक्त्या आहेत, अंदाजाला चांगल्या, इन्व्हाइट बनवायला नाही. न्यूयॉर्कच्या वेळेतून उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात दीड तास वजा करा आणि सकाळची संध्याकाळ करा. सकाळचे साडेनऊ असतील तर आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात रात्रीचे आठ. कॅलिफोर्नियाच्या वेळेत उन्हाळ्यात अर्धा तास आणि हिवाळ्यात दीड तास मिळवा आणि तसंच उलटं करा. त्यांची संध्याकाळ असेल तर आपला दुसरा दिवस उजाडलेला असतो हे विसरायचं नाही. लंडनसाठी तर काट्याचं घड्याळ उलटं धरायचं, सहा वर आणि बारा खाली, आपले तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात आणि ती लंडनची हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यात त्यात एक मिळवा. सिडनीत राहणाऱ्यांनाही हे जमतं, त्यांच्या उन्हाळ्यात त्यांनी आपलं घड्याळ उलटं धरलं की भारतातली वेळ दिसते. लहान मुलांना हे दाखवा, फार आवडतं.

सिडनी, पुणे आणि न्यू जर्सी या तिघांना एका वेळेला बसवायचं असेल तर एक सरळ सांगतो, चांगली वेळ नाही. पुण्याची संध्याकाळी पाचची वेळ धरली तर जानेवारीत न्यू जर्सीत पहाटेचे साडेसहा आणि सिडनीत रात्रीचे साडेदहा. घरच्यांचा महिन्यातून एकदा कॉल असेल तर ठीक आहे, दर शनिवारचा वर्ग यावर चालत नाही. दोन बॅचेस करा. सिडनीवाल्यांना पुण्याच्या सकाळी साडेअकराला घ्या, म्हणजे तिकडे ऋतूप्रमाणे संध्याकाळचे चार किंवा पाच, आणि लंडन व न्यू जर्सीला संध्याकाळी साडेसातला.

काही आकडे कन्व्हर्ट करायचेच नसतात, हेही सांगून टाकतो कारण दर संकष्टीला हा प्रश्न येतो. पुण्याच्या कॅलेंडरवर चंद्रोदय रात्री ९:१२ लिहिलाय तर न्यू जर्सीत उपास कधी सोडायचा? त्यातून साडेनऊ किंवा साडेदहा तास वजा करून बसू नका. चंद्रोदय प्रत्येक गावाचा वेगळा असतो, तिकडचा चंद्र तिकडच्या क्षितिजावर तिकडच्या वेळेला येतो, तो त्या शहराचा वेगळा बघायचा. तिथी संपण्याचा क्षण मात्र जगभर एकच असतो, तो कन्व्हर्ट होतो, आणि त्याच कारणाने तिकडे संकष्टी कधी कधी आपल्या आदल्या तारखेला येते. सूर्योदय, राहुकाळ हे सगळं चंद्रोदयासारखंच, गावाप्रमाणे. विमानाच्या तिकिटावरच्या वेळाही कन्व्हर्ट करायच्या नाहीत, निघायची वेळ त्या विमानतळाची आणि पोचायची पोचायच्या विमानतळाची, वजाबाकी करून प्रवास किती तासांचा ते काढायला गेलात की आकडे भलतेच येतात.

शेवटी ग्रुपवर टाकायचा मेसेज. मी असा लिहितो, हवा तर तसाच उचला: "शनिवार ३१ ऑक्टोबर २०२६, पुणे संध्याकाळी ७:३०, लंडन दुपारी २:००, न्यू जर्सी सकाळी १०:००. वर्ग पुण्याच्या घड्याळावर आहे. लंडनची वेळ या आठवड्यात बदलली आहे, न्यू जर्सीची पुढच्या शनिवारी सकाळी ९:०० होईल." बदलाच्या आधीच्या गुरुवारी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा टाकायचा. तारखा कॅलेंडरमध्ये आत्ताच घालून ठेवा, २०२७ साठी अमेरिका १४ मार्च आणि ७ नोव्हेंबर, युरोप २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर.